स्वयंसेवा कोणाची, जबाबदारी कोणाची?

(महाराष्ट्रातून आलेल्या रेल्वे व टपाल कामगारांच्या जयपूर येथील अभ्यासवर्गात केलेले भाषण)



काल संध्याकाळी चहाच्या वेळी एका साथीने आम्हांला विचारले, "जयपुरात येऊन स्वयंसेवी संस्थांवर भाषण कशाला? त्यांचा नि आपला संबंध काय? ते देणग्या मागतात, आपण हक्क मागतो." प्रश्न रोखठोक होता, आणि तो एकट्या त्या साथीचा नाही. आपल्या चळवळीत या संस्थांविषयी दोन मते फिरत असतात. एक मत असे, की या संस्था म्हणजे असंतोषावर पाणी मारणारे बंब. सरकारने हात झटकायचे आणि यांनी मागून मलमपट्टी करायची. दुसरे मत असे, की ते चांगले काम करतात, मग करू द्यावे. आपण पावती फाडावी आणि मोकळे व्हावे. १९९३ साली किल्लारीला भूकंप झाला, २००१ साली कच्छला झाला, तेव्हा एक दिवसाचा पगार कापून देताना आपण कोणीच कुरकुर केली नाही. पण त्या पैशाचे पुढे काय झाले, हे शाखेच्या सभेत किती जणांनी विचारले?

दोन्ही मतांचा एक फायदा आहे. ती धरली की पुढे विचार करावा लागत नाही. जयपूर हे असे शहर आहे की इथे दोन्ही मतांना धक्का बसतो. म्हणून हा विषय आम्ही मुद्दाम इथेच घेतला.

आधी एक हकीकत सांगतो. ती आमच्या नाकर्तेपणाची आहे, म्हणून नावगाव सोडून सांगतो. काही वर्षांपूर्वी आमच्याकडच्या एका सेक्शनमध्ये खडी टाकण्याच्या कामावर असलेल्या एका कंत्राटी कामगाराचा पाय रुळावर गुडघ्याखाली गेला. दवाखान्यात नेले, जीव वाचला. कंत्राटदाराने पहिल्या आठवड्यात काही हजार रुपये हातावर ठेवले आणि नंतर तो दिसला नाही. हजेरीपटावर या माणसाचे नाव धड नव्हते. सहासात महिन्यांनी गावातल्या एका शिक्षकाने त्याला गाडीत बसवून इथे, जयपूरला पाठवले. चौथ्या दिवशी तो स्वतःच्या दोन पायांवर चालत स्टेशनात आला आणि परतीच्या गाडीत बसला. एक पैसा लागला नाही. तो परत आला तेव्हा आम्ही सगळ्यांनी त्याचे कौतुक केले, पेढे वाटले. आणि विषय संपला असे आम्हीही धरून चाललो. नुकसानभरपाईचा अर्ज कोणी केलाच नाही. १९२३ च्या भरपाई कायद्यात अर्जाला दोन वर्षांची मुदत होती, ती निघून गेली. तो आपल्या युनियनचा सभासद नव्हता, कंत्राटी होता, ही आमची सबब. आज तिच्याकडे पाहताना बरे वाटत नाही.

हा पाय त्याला दिला कोणी, तिथून सुरुवात करू.

जयपूर फूट हे नाव आपण सगळ्यांनी ऐकले आहे. १९६८ च्या सुमारास सवाई मानसिंह रुग्णालयात हा पाय तयार झाला. रुग्णालय सरकारी. तिथे अस्थिव्यंग विभागात डॉ. प्रमोद करण सेठी होते, आणि रुग्णांना हस्तकला शिकवण्यासाठी रामचंद्र शर्मा नावाचे एक कारागीर होते. त्यांना सगळे मास्टरजी म्हणत. शाळा फारशी शिकलेले नव्हते. पण हात असा की लाकूड, धातू, रबर, काहीही वळवावे. त्या काळी परदेशी नमुन्याचा जो पाऊल बसवत तो घट्ट असायचा, त्यावर बूट घालावाच लागे. आता विचार करा, आपला शेतकरी बूट घालून चिखलात उतरणार? बाई बूट घालून चुलीपाशी बसणार? देवळात, मशिदीत जाणार? उकिडवे बसता येत नाही, मांडी घालता येत नाही, अशा पायाचे आपल्या माणसाने करायचे काय? लोक तो पाय घरी नेत आणि खुंटीला टांगून कुबडी घेत.

मास्टरजींनी रबराचा विचार केला. सांगतात ते असे, की सायकल पंक्चर झाली म्हणून ते दुकानात थांबले असता टायरला रबर चढवण्याचे काम त्यांनी पाहिले आणि तिथे त्यांना कल्पना सुचली. टाचेला आणि चवड्याला स्पंज रबर, घोट्यापाशी लाकूड, वरून टायरमधल्या दोऱ्याचे वेष्टण आणि कातडीच्या रंगाचे रबर. हे सगळे साच्यात घालून तापवायचे. पाऊल तयार. ते वाकते, उंचसखल जमिनीवर टेकते, अनवाणी चालते, पाण्यात भिजले तरी बिघडत नाही. वरची नळी सुरुवातीला ॲल्युमिनियमच्या पत्र्याची, ठठेऱ्यांनी म्हणजे आपल्याकडच्या तांबटांसारख्या कारागिरांनी ठोकून दिलेली. पुढे शेतात पाण्यासाठी वापरतात त्या जातीचा प्लास्टिकचा पाइप वापरात आला. डॉ. सेठींना १९८१ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्यांनी या पायाचे पेटंट घेतले नाही. नर्तिका सुधा चंद्रन यांचा पाय १९८१ च्या अपघातानंतर गेला आणि याच पायावर त्या पुन्हा नाचल्या, ते आपण सिनेमातही पाहिले. मास्टरजींचे नाव मात्र आपल्यापैकी कितीजणांना ठाऊक होते? हात वर करा म्हटले तर फारसे वर जाणार नाहीत. कारागिराचे नाव मागे राहते, ही रीत फक्त कारखान्यातच आहे असे नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. पाय तयार झाला १९६८ मध्ये, पण पुढची सहासात वर्षे तो अगदी थोड्या लोकांपर्यंत पोचला. शोध होता, डॉक्टर होते, कारागीर होता, रुग्णालय होते. तरी माणसे लंगडतच होती. १९७५ साली भगवान महावीर विकलांग सहायता समिती स्थापन झाली, महावीरांच्या २५०० व्या निर्वाण वर्षाच्या निमित्ताने. ती उभी केली देवेंद्र राज मेहता या सनदी अधिकाऱ्याने. त्यांचा स्वतःचा पाय १९६९ च्या मोटार अपघातात असा मोडला होता की तो कापावा लागतो की काय अशी वेळ आली होती. पाय वाचला, पण ज्यांचा वाचत नाही त्यांचे काय होते, हे ते विसरले नाहीत. (हेच मेहता पुढे १९९५ ते २००२ पर्यंत सेबीचे अध्यक्ष होते. शेअरबाजार आणि तुटलेले पाय ही जोडी चमत्कारिक वाटते खरी.)

समितीने पायात फार बदल केला नाही. तिने रांग बदलली. हे नीट समजून घ्या, कारण आपण दोघेही, रेल्वेवाले आणि पोस्टवाले, रांगेच्या धंद्यातले आहोत. सरकारी पद्धत अशी की आज माप द्या, पंधरा दिवसांनी या, मग फिटिंगला या, मग दुरुस्तीला या, येताना दाखला आणा, दाखल्यावर सही आणा. बाडमेरच्या किंवा बिहारच्या मजुराला पायाची किंमत परवडत नव्हती हे खरे. पण त्याहून जास्त परवडत नव्हत्या त्या खेपा. प्रत्येक खेपेला गाडीभाडे, सोबत एक माणूस, दोघांची बुडालेली मजुरी. समितीने ठरवले की रात्री-अपरात्री गाडीने उतरलेल्या माणसालाही आत घ्यायचे, राहायला जागा आणि जेवण द्यायचे, आणि शक्य तितक्या लवकर, बहुतेक वेळा दोनचार दिवसांत, पाय बसवून घरी पाठवायचे. सगळे विनामूल्य. जात, धर्म, प्रांत विचारायचा नाही, उत्पन्नाच्या दाखल्यासाठी अडवायचे नाही. पाय, कॅलिपर, कुबड्या, तीनचाकी सायकली असे सगळे धरून वीस लाखांहून अधिक लोकांना मदत पोचली, असे समितीची आकडेवारी सांगते. परदेशातही, युद्धात सुरुंगांनी पाय गेलेल्या माणसांपर्यंत, तिची शिबिरे गेली.

म्हणजे पहिल्या मताला इथे उत्तर मिळते. ही मलमपट्टी नव्हे. सरकारी यंत्रणेला जे सुचले नाही ते इथे सुचले, आणि ते सुचण्याचे कारण माणुसकी इतकेच नव्हे, तर आलेल्या माणसाकडे त्याच्या बाजूने पाहणे हे होते. आपल्या बुकिंग खिडकीवर आणि बचत खात्याच्या काउंटरवर आपण असे किती पाहतो, हे ज्याने त्याने मनाशी ठरवावे.

पण दुसऱ्या मतालाही उत्तर इथेच आहे. हा पाय सरकारी रुग्णालयात जन्मला. डॉक्टरांचा आणि मास्टरजींचा पगार जनतेच्या पैशातून होत होता. म्हणजे स्वयंसेवी संस्थेने हवेतून काही काढले नाही. सार्वजनिक रुग्णालयाच्या पायावर ती उभी राहिली. उद्या रुग्णालयेच विकली, कारागिरांची पदे गोठवली, तर पुढचा जयपूर फूट कुठे तयार होणार? आणि दुसरे असे, की पाय काही वर्षांनी झिजतो. लहान मुलाचा तर वाढत्या वयात पुन्हा पुन्हा बदलावा लागतो. दरवेळी दाता मिळेलच याची हमी कोण देणार? समितीने आजवर निभावले, त्याबद्दल तिचे ऋण मानू. पण हमी हा शब्द दानाच्या पावतीवर छापलेला नसतो. तो कायद्यात असावा लागतो.

आणि तिसरे म्हणजे आमची ती हकीकत. फुकट पाय मिळाला म्हणून मालकाची जबाबदारी सुटली. कंत्राटदाराने बुडवले तरी मूळ मालकाकडून भरपाई वसूल करण्याची तरतूद १९२३ च्या कायद्यात होती, नव्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ते तत्त्व आहे. समितीने आपले काम चोख केले. काम केले नाही ते आम्ही.

आता जयपूर जिल्ह्यातल्याच एका गावाकडे चला. गावाचे नाव भटेरी. राजस्थान सरकारने १९८४ साली महिला विकास कार्यक्रम सुरू केला. सरकार, स्वयंसेवी संस्था आणि विद्यापीठातले अभ्यासक यांनी मिळून तो आखला होता. गावोगावी एकेक बाई निवडायची, तिला प्रशिक्षण द्यायचे, तिला म्हणायचे 'साथिन'. तिने गावात शिक्षण, आरोग्य, किमान वेतन, बालविवाह या प्रश्नांवर बायकांना जागे करायचे. मोबदला? महिना दोनशे रुपयांच्या आसपास. त्याला पगार म्हणायचे नाही, मानधन म्हणायचे. कारण साथिन ही नोकर नव्हे, ती स्वयंसेविका.

भटेरीच्या साथिन भंवरी देवी. कुंभार समाजातल्या. १९९२ साली आखातीजच्या सुमारास गावातल्या एका वजनदार घरातील तान्ह्या मुलीचे लग्न लागत होते. ते थांबवण्याचे काम सरकारने त्यांच्यावर सोपवलेले होते, म्हणून त्यांनी ते केले. त्याचा सूड म्हणून २२ सप्टेंबर १९९२ रोजी नवऱ्यासमोर त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. पोलिसांपासून वैद्यकीय तपासणीपर्यंत सगळीकडे टाळाटाळ झाली. नोव्हेंबर १९९५ मध्ये जयपूरच्या सत्र न्यायालयाने आरोपींना बलात्काराच्या आरोपातून मुक्त केले.

प्रश्न असा उभा राहिला, की भंवरी देवींवर हा हल्ला का झाला? त्या सरकारचे काम करत होत्या म्हणून. मग सरकार त्यांचे मालक नव्हे काय? आपल्या कामावरच्या माणसाचे रक्षण करणे हे मालकाचे कर्तव्य नव्हे काय? जयपूरची विशाखा ही संस्था आणि इतर महिला संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या. १३ ऑगस्ट १९९७ रोजी जो निकाल लागला तो विशाखा निकाल. न्यायमूर्ती वर्मा यांच्या पीठात आपल्या मुंबईच्या न्यायमूर्ती सुजाता मनोहर होत्या. कामाच्या ठिकाणी स्त्रीच्या लैंगिक छळाला आळा घालण्यासाठी प्रत्येक आस्थापनेत तक्रार समिती हवी, तिची प्रमुख स्त्री हवी, निम्म्याहून कमी स्त्रिया नकोत आणि बाहेरच्या संस्थेचा एक प्रतिनिधी हवा, हे तेव्हा ठरले. आज तुमच्या विभागीय कार्यालयाच्या फलकावर जी समितीची यादी लावलेली असते, ती भटेरीच्या एका मानधनवाल्या बाईमुळे आहे. आपल्या भगिनींनी हे घरी जाऊन मुलींना सांगावे.

पुढे २०१३ साली कायदा झाला. त्यात 'कर्मचारी' कोण, याची व्याख्या केली आहे. वेतन घेणारी असो वा नसो, स्वेच्छेने काम करणारी का असेना, ती कर्मचारीच, असे तो कायदा म्हणतो. एवढ्या एका कारणासाठी का होईना, स्वयंसेविका ही कामगार आहे हे कायद्याने मान्य केले. स्वतः भंवरी देवींना मात्र न्याय मिळाला नाही. उच्च न्यायालयातले अपील वर्षानुवर्षे पडून राहिले.

बंधुभगिनींनो, टपाल खात्यातल्या साथींना हे ओळखीचे वाटले असेल. मानधन या शब्दाला आपल्याकडे भाऊबंद पुष्कळ. खेड्यातला जो माणूस टपाल वाटतो, बचत खाती सांभाळतो, त्याला आधी म्हणत 'खात्याबाहेरचा एजंट'. काम खात्याचे, शिक्का खात्याचा, माणूस मात्र खात्याबाहेरचा! १९७७ साली राजम्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की ही पदे शासनाच्या सेवेतलीच आहेत. त्यानंतर नाव बदलून 'ग्रामीण डाक सेवक' झाले. सेवक. पगाराला पगार म्हणू नये म्हणून एक लांबलचक इंग्रजी भत्ता शोधून काढला. अंगणवाडी १९७५ पासून, आशा २००५ पासून, सगळ्या 'मानसेवी'. २०१३ च्या पंचेचाळिसाव्या भारतीय श्रम परिषदेने या योजना-कर्मचाऱ्यांना कामगार म्हणून मान्यता द्या अशी शिफारस केली, ती कागदावरच राहिली. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविकांना ग्रॅच्युइटी लागू होते असा निर्णय दिला, तेवढा एक आधार हाती आला.

स्वयंसेवी क्षेत्रासमोरची आव्हाने असा विषय निघाला की निधी नाही, कार्यकर्ते मिळत नाहीत, परवानग्या अवघड झाल्या, असे सांगितले जाते. ते खोटे नाही. परदेशी देणग्यांच्या कायद्यात २०२० साली दुरुस्ती झाली. एका संस्थेने दुसऱ्या छोट्या संस्थेला त्या पैशातून वाटा देणे बंद झाले आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा पन्नास टक्क्यांवरून वीसवर आली. खेड्यातल्या लहान संस्था त्यात भरडल्या गेल्या. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करायला लावले, पण तो पैसा कंपनीला जिथे आपली पाटी लावता येते तिथे आधी जातो. हे सगळे आहेच. परंतु आमच्या मते या क्षेत्राची सर्वांत मोठी अडचण घरातली आहे. संस्थेत काम करणाऱ्या कार्यकर्त्याला ती कामगार मानत नाही. प्रकल्प तीन वर्षांचा, नेमणूक अकरा महिन्यांची, प्रकल्प संपला की माणूस घरी. त्याने युनियन काढली तर म्हणायचे, अरे, आपण तर ध्येयासाठी काम करतो! १९७८ च्या बंगलोर वॉटर सप्लाय निकालाने धर्मादाय संस्थाही बऱ्याच अंशी 'उद्योग' या व्याख्येत आणल्या होत्या. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत धर्मादाय, सामाजिक आणि परोपकारी सेवा करणाऱ्या संस्था त्या व्याख्येतून वगळल्या आहेत. त्या कार्यकर्त्याने आता दाद कुठे मागायची? त्याच्यासाठी बोलणारे कोणी नसेल तर आपण बोलले पाहिजे.

उलट, याच राजस्थानात स्वयंसेवी कामाने सरकारला त्याच्या जबाबदारीवर आणून उभे केल्याचेही दाखले आहेत. रेल्वेच्या साथींनी जयपूरहून अजमेरकडे जाताना किशनगढच्या अलीकडे तिलोनिया नावाचे छोटे स्टेशन पाहिले असेल. तिथे १९७२ पासून संजित ऊर्फ बंकर रॉय यांची संस्था काम करते. त्या भागात दुष्काळी कामावर रस्ता बांधणाऱ्या बायांना तेव्हाच्या सात रुपये रोज या किमान वेतनापेक्षा कमी मजुरी मिळत होती. सरकारचे म्हणणे असे, की हे दुष्काळी काम आहे, उपकार आहे; १९६४ च्या राज्याच्या कायद्याने अशा कामांना किमान वेतन लागूच नाही. रॉय सर्वोच्च न्यायालयात गेले. १९८३ साली न्यायमूर्ती भगवतींनी निकाल दिला, की किमान वेतनापेक्षा कमी देणे ही वेठबिगारी आहे, मग काम दुष्काळाचे का असेना. लोकांच्या अगतिकतेचा फायदा सरकारला घेता येणार नाही. संस्थेने इथे मजुरांना धान्य वाटून वेळ मारून नेली असती तर चालले असते. पण तिने कायद्याचा दरवाजा ठोठावला.

त्याच तिलोनियात अरुणा रॉय यांनी काम केले. पुढे १ मे १९९० रोजी, आपल्या दिवशी, मजदूर किसान शक्ती संघटना स्थापन झाली. ही स्वतःला स्वयंसेवी संस्था म्हणवत नाही. मोठ्या देणगीदारांचा पैसा घ्यायचा नाही आणि पूर्णवेळ कार्यकर्त्यांनी मजुराइतक्याच मजुरीत राहायचे, असा तिचा रिवाज. मजुरीचा हिशेब मागता मागता त्यांच्या ध्यानात आले, की हजेरीपट दाखवल्याशिवाय चोरी उघडी पडत नाही. डिसेंबर १९९४ मध्ये कोट किराना येथे पहिली जनसुनावणी झाली. १९९६ साली ब्यावरला चाळीस दिवसांचे धरणे, १९९७ साली इथे जयपुरात त्रेपन्न दिवसांचे. त्या त्रेपन्न दिवसांच्या शेवटी सरकारने काय सांगितले ऐका. पंचायतीच्या कागदांच्या नकला देण्याचा आदेश आपण सहा महिन्यांपूर्वीच राजपत्रात छापला आहे! लोक उन्हात बसून जे मागत होते ते छापील रूपात सचिवालयात पडून होते, आणि ते कोणाला ठाऊक नव्हते. माहितीचा अधिकार का हवा, याचा याहून चांगला पुरावा आंदोलकांनाही सुचला नसता. २००० साली राजस्थानचा आणि २००५ साली देशाचा माहिती अधिकार कायदा झाला. अर्जासोबत दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर जोडण्याची पद्धत पडली आणि केंद्रीय खात्यांचे अर्ज टपाल कचेऱ्यांतही स्वीकारले जाऊ लागले, ते टपालच्या साथींना सांगायला नको.

रोजगार हमी हे आपल्या महाराष्ट्राचे लेणे. वि. स. पागे यांची कल्पना, १९७२ च्या दुष्काळात ती राबली, १९७७ साली तिचा कायदा झाला. तिच्यासाठी १९७५ पासून आपल्या पगारातून व्यवसाय कर कापला जातो. पगाराच्या चिठ्ठीवरची ती ओळ पाहून आपण नाक मुरडतो, पण दुष्काळातल्या मजुराशी शहरातल्या नोकरदाराला बांधणारी ती ओळ आहे. दान असते तर एखाद्या वर्षी दिले असते, एखाद्या वर्षी दिले नसते.

आणि संबंध काय, असे विचारणाऱ्या त्या साथीला आम्ही ना. म. जोशींचे नाव सांगू. गोखल्यांच्या भारत सेवक समाजातले ना. म. जोशी. १९११ साली त्यांनी मुंबईत सोशल सर्व्हिस लीग काढली, चाळीत वाचनालये आणि रात्रशाळा चालवल्या. १९२० साली आयटक स्थापन झाली तेव्हाही त्यात पुढे तेच होते. गिरणगावात रात्रशाळा चालवता चालवता त्यांना कळले, की चौदा तास राबून आलेला माणूस पाटीवर डोके ठेवून झोपतो. आधी तास कमी झाले पाहिजेत. पुण्याच्या हमाल पंचायतीचा प्रवास दुसऱ्या बाजूने झाला. बाबा आढावांनी आधी हमालांची संघटना बांधली, मग १९७४ साली 'कष्टाची भाकर' सुरू झाली. स्वस्त झुणकाभाकर हे समाजकार्य, पण चालवतो कोण? हमालांची संघटना. तिथे कोणी दाता नाही आणि कोणी याचक नाही. राजस्थानने २०२३ साली घरपोच माल पोचवणाऱ्या आणि ॲपवर गाडी चालवणाऱ्या कामगारांसाठी देशातला पहिला कायदा केला, प्रत्येक व्यवहारावर थोडा उपकर घेऊन कल्याण मंडळ चालवायचे अशी त्याची रचना आहे. ती वाचताना आपल्या १९६९ च्या माथाडी कायद्याची आठवण झाल्याशिवाय राहत नाही.

वेळ झाली असे अध्यक्ष खुणावत आहेत, म्हणून शेवटचे बोलतो. आमच्या त्या खडीवाल्या साथीचा अर्ज आम्ही अखेर उशीर माफ करण्याच्या विनंतीसह दाखल केला. दोन तारखा पडल्या, निकाल अजून लागलेला नाही. हजेरीपटाच्या नकला माहिती अधिकारात मागवल्या. त्यात त्याचे नाव अर्धवट आडनावाने का होईना, सापडले. जयपूरच्या समितीत पाय बसवल्याची नोंद त्याच्याजवळ होती, तीही जोडली.

तर परत गेल्यावर प्रत्येक शाखेने एक करावे. आपल्या सेक्शनमध्ये, आपल्या उपविभागात गेल्या पाच वर्षांत कामावर जखमी झालेले कंत्राटी कामगार, ग्रामीण डाक सेवक, मेलगाडीवरचे रोजंदार यांची यादी काढावी. नाव, गाव, काय दुखापत झाली, कंत्राटदार कोण, भरपाईचा अर्ज झाला की नाही आणि मुदत किती उरली, एवढे रकाने पुरेत. सभासद आहे की नाही हा रकाना ठेवू नये. कोणाला पाय वा कॅलिपर हवा असेल तर इकडे पाठवण्याची सोय आपण करू, सोबत एक साथी येईल. यादी पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत विभागीय कार्यालयात पोचावी. उद्या सकाळी नऊ वाजता मालवीय नगरमध्ये समितीच्या कार्यशाळेत जाऊन यायचे आहे. ज्यांना यायचे आहे त्यांनी आज जेवणाच्या आधी नावे द्यावीत.